रक्तातील शिशाचे मापन

रक्तात शिसे किती आहे हे ठरवणारी वैद्यकीय व विषवैज्ञानिक चाचणी. जस्त, तांबे शरीराला लागतात. शिशाचे तिथे काहीच काम नाही. त्यामुळे त्याची ‘नॉर्मल’ पातळी नसते, असते ती फक्त दखल घेण्याची मर्यादा. लहान मुलांसाठीची ही मर्यादा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९९१ मध्ये डेसिलिटरला (१०० मिलिलिटर रक्ताला) १० मायक्रोग्रॅमवर आणली, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ वर. ३.५ म्हणजे साधारण तीन कोटी भाग रक्तात एक भाग शिसे.

इतके थोडे मोजायचे तर खरी अडचण यंत्राची नसते, धुळीची असते. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचे शिसे सहज मिसळते. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर शिशाचेच ऑक्साइड. तो हाताळलेले बोट नीट न धुता टोचले, तर आकडा रक्ताचा की बोटाचा हे कळणार नाही. म्हणून असा आकडा जास्त आला की शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासतात. नळीही साधी चालत नाही. धातूंचा सूक्ष्म अंशही नाही ना हे तपासलेली, बहुधा गडद निळ्या टोपणाची घेतात. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव, इथे निरुपयोगी, कारण रक्तातले सुमारे ९९ टक्के शिसे तांबड्या पेशींत असते. रक्त घेताच नळी हलक्या हाताने उलटसुलट करावी लागते. गाठ धरली तर नमुना बाद.

मापनाच्या दोन पद्धती रूढ आहेत. ग्राफाइट भट्टीत काही मायक्रोलिटर पातळ केलेले रक्त आधी वाळवतात, मग जाळतात, शेवटी शिशाची वाफ करून तिने २८३.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला ते पाहतात. दुसरी पद्धत आयसीपी-एमएस. हे यंत्र आर्गॉनच्या प्लाझ्मात (अतितप्त, विद्युतभारित वायूत) शिशाच्या अणूंचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण करून ते वस्तुमानानुसार मोजते. शिशाच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) प्रमाण खाणीगणिक बदलते, म्हणून २०६, २०७ आणि २०८ या तिन्हींची बेरीज धरतात. हाच फरक कधी कधी शिसे रंगातून आले की भस्मातून, याचा मागही देतो.

रक्तातले शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते, हाडांतले वर्षानुवर्षे राहते. त्यामुळे बॅटरी कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराचा आकडा कमी आला, तरी साठा कमी आहे असे होत नाही. शिसे बाहेर काढणाऱ्या औषधांनी पातळी झपाट्याने उतरते आणि हाडे शिसे सोडू लागली की पुन्हा चढते. उपचारानंतर काही आठवड्यांनी परत रक्त घेतात ते यासाठी.