पूर उतरताना काठ का बसतो?

पावसाळा सरला की कोल्हापूरच्या पेपरांत एक मागणी ठरलेली असते : पंचगंगेकाठची मळी, म्हणजे काठची गाळाची शेतजमीन, पात्रात गेली, संरक्षक भिंत बांधा. ज्याचं रान उसासकट नदीत बसलं, त्याची तक्रार रास्तच आहे. पण या मागणीमागं एक समज पक्का आहे, की पुराच्या लोंढ्यानं काठ कापून नेला. लोंढा दरडीचा पायथा खातो हे खरं. तरी मोठी दरड बसते ती बहुतेक वेळा पूर चढताना नव्हे, उतरताना. मळीत रान असणाऱ्या कुणालाही विचारा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं आणि काठची रानं कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. तेवढ्या वेळात पाणी काठाच्या पोटात मुरतं. काळी चिकण माती पाणी सावकाश घेते आणि त्याहून नाखुशीनं सोडते. नदी मात्र भराभर उतरते. पात्रातलं पाणी 3 मीटर खाली गेलं की दरडीच्या त्या भागाला बाहेरून मिळणारा, चौरस मीटरला 3 टनांपर्यंतचा आधार नाहीसा होतो. भिंतीला टेकून झोपलेल्या माणसामागची भिंतच काढून घ्यावी, तसं.

इतक्यावर भागत नाही. पाण्यात बुडालेली माती उत्प्लावनामुळं, म्हणजे पाणी तिला वर उचलून धरतं म्हणून, हलकी असते, घनमीटरला साधारण 1 टन. पाणी उतरलं की तीच भिजकी माती आपल्या पुऱ्या वजनानं, म्हणजे 2 टनांच्या आसपास, खाली ओढू लागते. त्यातच कणांच्या फटींत अडकलेलं पाणी कणांना एकमेकांपासून ढकलत असतं, हा रंध्रदाब. मातीची ताकद दोन गोष्टींची : चिकटपणा आणि घर्षण. घर्षण ठरतं कण एकमेकांवर किती दाबले गेलेत यावर. मृदा-अभियंते कार्ल टेरझागी यांनी 1920च्या दशकात मांडलेला हिशेब असा की एकूण दाबातून रंध्रदाब वजा करा, उरेल तेवढाच घर्षणाच्या कामाचा. वजन दुप्पट, घर्षण तुटपुंजं, बाहेरचा टेकू गेलेला. मग काठ कमानीसारख्या वक्र पृष्ठावरून घसरतो.

आधी खुणा दिसतात. कडेपासून काही हातांवर, काठाला समांतर अशी बोटभर भेग पडते. दरडीच्या तळाला वाळूचा थर असेल तर तिथून गढूळ पाणी झिरपतं आणि त्याबरोबर बारीक वाळूही निघून जाते. अशा वेळी नदीची ओटी जरूर भरा, फक्त त्या भेगेवर उभं राहून भरू नका. रंध्रदाबाला खणा-नारळाचं काही वाटत नाही.

आता भिंत. सलग काँक्रीटच्या भिंतीत पाणी निघायला छिद्रं आणि मागं खडी-वाळूची गाळणी नसेल, तर ती पोटातलं पाणी आणखीच कोंडते. भिंतीच्या पायाशी प्रवाह तळ उकरतो, आणि भिंत जिथं संपते तिथं शेजाऱ्याचं रान तुटायला लागतं. वाळ्याच्या गवताचाही सध्या बराच उदोउदो चालतो. त्याची मुळं 2-3 मीटर जातात, वरची माती छान धरतात; पण घसरण 5 मीटर खोल असेल तर अख्खं गवत मुळांसकट खाली येणार. उतार मंद करणं, पायथ्याला दगडी जाळ्या, वर करंज-वाळुंजाची झाडं आणि कडेपर्यंत ऊस न लावणं, हे सगळं मिळून काम होतं.

म्हणून कुठल्याही बांधकामाच्या परवानगीत पहिला प्रश्न हवा : आतलं पाणी कुठून निघणार? दुसरा, खंड्या आणि वेडा राघू उभ्या मातीच्या दरडीत बिळं करून अंडी घालतात. वस्तीला धोका नसलेल्या दरडी तशाच सोडणार का? तिसरा, म्हशी आणि माणसं पाण्यापर्यंत उतरणार कुठून? नदीचं पात्र सरकारी मालकीचं आहे आणि अशा संपत्तीचं सरकार जनतेच्या वतीनं विश्वस्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये बियास नदीकाठच्या कमलनाथ प्रकरणात सांगितलं.

समुद्रकाठाला निदान सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नियम, आहे. भरतीचं पाणी जिथं पोचत नाही त्या पंचगंगेला तो लागू नाही. राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण 2015 मध्ये रद्द झालं. उरल्या पूररेषा : निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या पाणी कुठवर चढेल ते सांगतात. उतरताना काठ कुठवर मागं सरकेल, याची रेषा नकाशावर नाही.