दुधातल्या पाण्यापासून पाकिटावरच्या ठिपक्यापर्यंत

१८६० च्या भारतीय दंड संहितेत अन्नातल्या भेसळीसाठी कलम २७२ होते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. अट मात्र अशी, की भेसळीमुळे पदार्थ अपायकारक झालेला असला पाहिजे. दुधात स्वच्छ पाणी घालणारा या कलमातून सहज सुटायचा. ही फट बुजवायला प्रांतांनी आपापले कायदे केले, मुंबई प्रांताने १९२५ मध्ये. पण प्रमाणके प्रांतागणिक निराळी राहिली.

देशभर लागू होणारा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. अंमल १ जून १९५५ पासून. निरीक्षक दुकानातून नमुना घेई, त्याचे तीन भाग मोहोरबंद करी, एक विश्लेषकाकडे जाई आणि बाकीचे पुढच्या वादासाठी राखून ठेवले जात. १९७६ मध्ये शिक्षा आणखी कडक झाल्या. तरी या कायद्याचा सगळा भर खटल्यावर होता, आणि खटला उभा राहीपर्यंत माल लोकांच्या पोटात गेलेला असे. त्यातच फळांचे पदार्थ, मांस, दूध, खाद्यतेल यांचे आदेश वेगळे, खातीही वेगळी.

या रचनेचा दुबळेपणा १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत दिसला. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले होते. ही काटेरी झुडपे आपल्याकडेही पडीक रानात, रस्त्याकडेला उगवतात. बी बारीक आणि काळे, मोहरीत मिसळले तर नजरेला पटकन कळत नाही. त्यातल्या विषाने आधी पाय सुजतात, मग धाप लागते, शेवटी हृदय थकते. साठाहून अधिक माणसे दगावली. सुट्या तेलावर ना नाव, ना तारीख. ते कुठल्या घाण्यातून आले हे घेणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. माझ्या मते लेबल ही जीवनमरणाची बाब आहे हे या साथीइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही दाखवले नाही. त्याच वर्षी खाद्यतेल पाकीटबंद विकण्याचा आदेश निघाला.

मांसाहारी पदार्थांवरची खूण २००० मध्ये सक्तीची झाली, शाकाहारी पदार्थांवरचा हिरवा ठिपका २००१ मध्ये. २००३ मध्ये शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्यावर शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. विखुरलेले अन्नकायदे एकत्र आणून एकच नियामक नेमावा, हा आग्रह तिच्या २००४ च्या अहवालात होता. त्यातून पुढे २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला, पण तो पूर्णपणे अमलात यायला ५ ऑगस्ट २०११ उजाडला. पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक याच व्यवस्थेतला. भेसळीच्या पदार्थाने कुणी दगावल्यास वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाई देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. जुना कायदा गुन्हेगाराकडे बघत होता. खाणाऱ्याच्या घराकडे इतक्या थेटपणे प्रथमच पाहिले गेले.

सुट्या मालाचा प्रश्न मात्र बराच काळ तसाच होता. मिठाईच्या दुकानांना पेढे-बर्फीच्या ट्रेवर ‘अमुक तारखेपर्यंत खावे’ असे लिहायला सांगितले गेले ते १ ऑक्टोबर २०२० पासून.