काँपाँचा मार्बल आणि त्यातली माती

फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरात काँपाँ नावाचं छोटं गाव आहे. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बघणाऱ्यांना तुर्माले घाटामुळे माहीत असेल, 1913 ला युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, त्या घाटात मोडला आणि गडी सायकल घेऊन इथल्या सेंत-मारी वस्तीपर्यंत चालत आला, लोहाराच्या भट्टीवर स्वतःच फोर्क जोडला, आणि भाता मारायला एका पोराची मदत घेतली म्हणून वर दंडही खाल्ला. असो, विषय इथल्या दगडाचा आहे.

काँपाँ मार्बलचा फोटो झूम करून बघा. बदामासारखे चपटे गोळे, कुठे गुलाबी, कुठे लालसर, कुठे हिरवट, आणि त्यांच्याभोवती गडद हिरव्या रेषांची जाळी. भूवैज्ञानिकाला विचारलं तर तो म्हणेल हा पक्का मार्बल नाहीच, गाठाळ चुनखडी आहे, पण पॉलिश घेतोय ना, मग दगडवाल्यांसाठी मार्बलच.

साधारण 37 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तळाशी चुना आणि माती साचत गेली, चुन्याच्या गाठी झाल्या आणि माती मधल्या फटींत राहिली. काही गाठींत गोनिएटाईट नावाच्या प्राण्याचा गुंडाळलेला शंख सापडतो. देवघरातला शाळिग्राम आठवा, त्यातलं चक्र अमोनाईटचं, आणि हे गोनिएटाईट त्याच कुळातले, वयाने बरेच थोरले. पुढे डोंगर घडताना प्रचंड दाब आला, गाठी चेपल्या गेल्या आणि मातीचं क्लोराईट नावाचं खनिज झालं, हिरवा रंग त्याचा. लाल रंग हेमॅटाईटचा, म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ.

फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने 1687 मधे व्हर्सायला ग्राँ त्रियानों हा महाल बांधून घेतला त्यात हा दगड आहे. पिरेनीजचा मार्बल तेव्हा तराफ्यांवरून गारोन नदीने बोर्दोला, तिथून जहाजाने समुद्रातून वळसा घालून सेन नदीत, असा जायचा. एवढा खटाटोप, आणि गोची काय तर ती हिरवी जाळी शेवटी मातीचीच. उघड्यावर पाऊस आणि थंडी खाल्ली की पॉलिश उडतं, रेषा सुटायला लागतात, पोखरतात आणि चुन्याच्या गाठी वर येतात, हात फिरवला तर खरखरीत लागतात. तोच दगड घरात फायरप्लेसला लावा, पिढ्यान्‌पिढ्या चकाचक.