नाओमी वॉट्स

नाओमी वॉट्स (जन्म २८ सप्टेंबर १९६८) ही ऑस्ट्रेलियन टीव्हीवरून पुढे आलेली आणि नंतर हॉलिवूडमध्ये नाव काढलेली अभिनेत्री. मुलहॉलंड ड्राइव्ह (२००१), द रिंग (२००२), २१ ग्रॅम्स (२००३), किंग काँग (२००५) आणि द इम्पॉसिबल (२०१२) हे तिचे महत्त्वाचे सिनेमे. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी ऑस्करचं नामांकन दोनदा मिळालं, २१ ग्रॅम्स आणि द इम्पॉसिबलसाठी, पुरस्कार मात्र दोन्ही वेळा हुकला.

तिला ऑस्ट्रेलियन म्हणायचं की ब्रिटिश, यावर एकमत नाही. जन्म इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या शोरम गावचा. वडील पीटर वॉट्स पिंक फ्लॉइड बँडसोबत साउंड इंजिनिअर म्हणून काम करायचे, आईवडील ती लहान असतानाच वेगळे झाले आणि १९७६ मध्ये वडील वारले. मग आई मुलांना घेऊन काही काळ वेल्समध्ये अँगलसी बेटावरच्या लँगेव्हनी इथे आपल्या माहेरी राहिली, तिथल्या शाळेत नाओमी वेल्श भाषाही शिकली. ऑस्ट्रेलियाला हे कुटुंब १९८२ च्या सुमारास गेलं, म्हणजे तेव्हा ती साधारण चौदा वर्षांची. तिच्या आईची आई मूळची ऑस्ट्रेलियन, त्यामुळे ते नातं आधीपासूनचंच होतं. स्वतः नाओमीने आपण स्वतःला ब्रिटिश मानतो असं मुलाखतीत सांगितलंय आणि ऑस्ट्रेलियाशी घट्ट नातं आहे हेही सांगितलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. तरी तिच्या कामापुरतं बोलायचं तर ऑस्ट्रेलियन हेच लेबल जास्त बरोबर वाटतं, कारण अभिनय ती सिडनीत शिकली, पहिली कामं तिथेच मिळाली आणि पहिल्या ओळखीही तिथल्याच. अभिनेत्री निकोल किडमनशी मैत्री एका बिकिनीच्या जाहिरातीच्या ऑडिशनला झाली, परत जाताना दोघी एकाच टॅक्सीने गेल्या, ती मैत्री पुढे कायम टिकली.

पहिला सिनेमा फॉर लव्ह अलोन (१९८६), त्यात अगदी छोटं काम. मधल्या काळात मॉडेलिंगसाठी जपानला गेली, ते जमलं नाही, परत येऊन एका फॅशन मासिकात सहायक संपादकाची नोकरी धरली आणि मग एका नाट्य कार्यशाळेनंतर ती सोडलीही. त्यानंतर फ्लर्टिंग (१९९१) हा सिनेमा, ज्यात किडमनही होती, आणि टीव्हीवर हे डॅड, ब्राइड्स ऑफ क्राइस्ट आणि होम अँड अवे.

होम अँड अवे ही सेव्हन नेटवर्कची १९८८ पासून चालू असलेली रोजची मालिका, गोष्ट समर बे नावाच्या काल्पनिक गावातली आणि बाहेरचं शूटिंग सिडनीच्या उत्तरेकडच्या पाम बीचवर. यात नाओमीने १९९१ मध्ये ज्युली गिब्सन ही व्हीलचेअरवर असलेली मुलगी केली, तीही थोड्याच दिवसांसाठी. याच मालिकेतून आलेले हीथ लेजर, ख्रिस हेम्सवर्थ किंवा नेबर्स या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन मालिकेतून आलेले गाय पीअर्स, मार्गो रॉबी यांच्यासोबत तिचं नाव एका दमात घेतलं जातं, पण हेम्सवर्थ आणि रॉबी आपापल्या मालिकांत दोन-तीन वर्षं रोज कॅमेऱ्यासमोर होते, नाओमीचं तसं झालंच नाही. अ कंट्री प्रॅक्टिस या मालिकेतलं काम तिने नाकारलं होतं, दोन-तीन वर्षं एका सोपमध्ये, म्हणजे अशा लांबत जाणाऱ्या मालिकेत, अडकायचं नव्हतं म्हणून, आणि तो निर्णय भाबडा होता असं तिनेच नंतर म्हटलंय. त्यामुळे "सोपमधून थेट स्टार" हे वाक्य तिच्याबाबतीत खरं नाही. मध्ये तब्बल दहा वर्षं आहेत आणि ती गाळली की तिची मेहनतच दिसत नाही.

त्या दहा वर्षांत टँक गर्ल (१९९५) मधली जेट गर्ल, चिल्ड्रन ऑफ द कॉर्न या भयपट मालिकेचा चौथा भाग (१९९६), अशी कामं. लॉस एंजेलिसमध्ये ऑडिशनवर ऑडिशन, बरेचसे नकार.

मग मुलहॉलंड ड्राइव्ह, आणि इथे जरा थांबायला हवं. हा आधी सिनेमा नव्हताच. अमेरिकेत नवी मालिका घ्यायची की नाही हे ठरवायला चॅनल आधी एक नमुना भाग बनवून घेतं, त्याला पायलट म्हणतात. दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी एबीसी चॅनलसाठी १९९९ मध्ये हा पायलट शूट केला, नाओमीला त्यांनी आधी फोटोवरून निवडलं होतं. चॅनलने पायलट नाकारला आणि सगळं कपाटात गेलं. पुढे फ्रेंच कंपनी कनाल प्लसने पैसे घातले, लिंच यांनी २००० मध्ये नवे सीन शूट करून शेवट जोडला आणि मालिकेसाठी उघडी सोडलेली गोष्ट बंद झाली. याचा सगळ्यात मोठा फायदा नाओमीला झाला, कारण पायलटमध्ये तिच्या वाट्याला नुसती बेटी होती, हॉलिवूडला आलेली हसरी, भाबडी मुलगी, आणि नव्या भागात तिला खचलेली डायानही करायला मिळाली.

त्यातला ऑडिशनचा सीन बघाच. बेटी आधी घरी मैत्रिणीसोबत संवाद घोकते, आवाज चढवून, रागाने, आणि ते इतकं कच्चं वाटतं की दोघी हसतात. नंतर स्टुडिओत तेच शब्द ती वयस्कर नटाच्या अगदी जवळ जाऊन, कुजबुजत बोलते, खोलीतले सगळे गप्प होतात. वाक्यं तीच, अर्थ पार वेगळा. दहा वर्षं खऱ्या ऑडिशन दिलेल्या बाईने तो सीन केलाय हे माहीत असलं की तो अजूनच लागतो. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात मे २००१ मध्ये सिनेमा दाखवला गेला तेव्हा ती ३२ वर्षांची होती.

पुढचं बऱ्याच जणांना माहीतच आहे. जपानी भयपटावर बेतलेला द रिंग जगभर चालला, २१ ग्रॅम्समध्ये नवरा आणि दोन मुली गमावलेली बाई, पीटर जॅक्सनच्या किंग काँगमध्ये ॲन डॅरो, आणि द इम्पॉसिबलमध्ये २००४ च्या त्सुनामीत थायलंडला सापडलेली आई, जी मारिया बेलोन या स्पॅनिश डॉक्टरच्या खऱ्या अनुभवावर आहे. राजकुमारी डायानावरचा डायाना (२०१३) मात्र समीक्षकांनी झोडपला. टीव्हीवरही ती परतली, २०१७ मध्ये लिंच यांच्याच ट्विन पीक्समध्ये, आणि २०२४ मध्ये फ्यूड या मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये बेब पेली या न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळातल्या बाईच्या भूमिकेत, त्यासाठी एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकनही मिळालं.

ऑस्ट्रेलियातलं एक नंतरचं काम म्हणजे पेंग्विन ब्लूम (२०२०), ज्याची ती सहनिर्मातीही आहे. थायलंडला सुट्टीत गच्चीवरून पडून छातीखालचं अंग लुळं झालेल्या सॅम ब्लूमची ही खरी गोष्ट, घरात मुलांनी मॅगपाय पक्ष्याचं जखमी पिल्लू आणलेलं असतं. शूटिंग सिडनीच्या न्यूपोर्टमध्ये ब्लूम कुटुंबाच्या खऱ्या घरात झालं. न्यूपोर्ट म्हणजे पाम बीचच्याच किनारपट्टीवरचं उपनगर, आणि पाम बीचवर शूट होणाऱ्या होम अँड अवेमध्ये ती या सिनेमाच्या साधारण तीस वर्षं आधी ज्युली गिब्सनच्या व्हीलचेअरमध्ये बसली होती.