पैठण : धरणानंतरचा गोदाकाठ

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गोदावरीच्या उत्तर काठावर. लोकांना गाव माहितीय ते नाथांमुळे, म्हणजे संत एकनाथांमुळे, नाहीतर पैठणीमुळे, पण इथली नदी आणि आजूबाजूची जमीन गेल्या ५०-६० वर्षांत किती बदलली ते फारसं कोणी सांगत नाही, म्हणून ही नोंद त्याच्यावरच.

बदल झाला तो जायकवाडी धरणाने. १९६५ ला लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. जायकवाडी हे गाव खरं तर बीड जिल्ह्यातलं, धरण आधी तिकडे होणार होतं, जागा बदलून पैठणला आली तरी नाव तेच राहिलं. जवळपास १० किमी लांब मातीची भिंत, २७ दरवाजे, आणि मागे नाथसागर, म्हणजे धरणाचा जलाशय, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. शंभरावर गावं त्या पाण्याखाली गेली, नदीकाठची काळी कसदार जमीन गेली, आणि त्याच पाण्यावर कालव्याने पार परभणीपर्यंत शेतं भिजली, संभाजीनगर शहराची तहानही हेच पाणी भागवतं. दोन्ही गोष्टी सोबतच सांगायला हव्यात, एकच सांगितली तर अन्याय होतो असं मला वाटतं.

भिंतीच्या वर समुद्र आणि खाली पैठणच्या घाटावर मात्र उन्हाळ्यात नुसते खडक, वाळू आणि मधे हिरवी पडलेली डबकी. बाहेरचं नाथ मंदिर, म्हणजे समाधीचं, अगदी पात्राला लागून आहे, नाथषष्ठीला फाल्गुनात लाखो वारकरी येतात आणि त्यांच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं लागतं. ज्या नदीत नाथ रोज स्नानाला जायचे तिथे आता आधी पाण्याची मागणी करावी लागते, हे बघून जीव तुटतो. उलट २००६ च्या पावसाळ्यात एवढं पाणी सोडलं की गावातच पूर शिरला.

नाथसागर उथळ आहे, गाळही बराच साचलाय. त्यामुळे थंडीत इथे रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकं उतरतात, १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. पाणी ओसरत गेलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात काठावरचे शेतकरी पेरणी करतात, त्याला गाळपेर म्हणतात, बिनपाण्याचं पीक येतं, आणि दुष्काळाच्या वर्षी पाणी अजून खाली गेलं की त्याच गाळातून बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात.