शनिवारची गाडी आणि रविवारची मध्यरात्र: चालक आणि डिस्पॅचमधल्या तणावाची पार्श्वभूमी

भिवंडीचा गोडाऊनपट्टा असो, कळंबोली असो की न्हावाशेव्याचं पार्किंग, ट्रकचालक आणि डिस्पॅचवाल्यात (गाड्या भरून रवाना करणाऱ्या ऑफिसातल्या माणसात) खटके उडतात ते बहुतेक वेळेवरून. गाडी किती वाजता लागली, भरायला किती वेळ लागला, सुटली कधी. बोट दाखवलं जातं ते माणसांच्या स्वभावाकडे. खरं कारण गेल्या काही वर्षांत बदललेल्या नियमांत आहे, आणि ते नीट पाहिलं तर दोघांनाही एकमेकांशी भांडायचं फारसं कारण उरत नाही.

मशीद बंदर, कर्नाक बंदरच्या पेढ्यांच्या काळात बिल्टी (मालाची पावती) आणि ॲडव्हान्स हातात पडला की चालक मोकळा असे. माल पोचल्याची खबर येईपर्यंत पेढीकडे वाट पाहण्यापलीकडे काही नव्हतं. पुढे १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं, घाऊक बाजार वाशीला गेले, गोडाऊनं भिवंडीकडे सरकली, मोबाइल आला. तरी जकात होती तोवर उशिराचं खापर मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवर फोडता येत होतं. १ जुलै २०१७ ला जकात गेली आणि नाक्यावरची रांग संपली. गोडाऊनच्या दारातली मात्र राहिली. हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर असते, बिल तयार नसतं, माल भरायचा डॉक रिकामा नसतो, आणि गाडी भरून होईपर्यंत शहरात अवजड वाहनांना बंदी असलेली गर्दीची वेळ येते. या उशिराला तिसरा कोणी जबाबदार राहिला नाही. समोरासमोर उरले ते हे दोघेच.

त्यात ई-वे बिल आलं, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल, ठरावीक मुदतीचं. आंतरराज्य मालासाठी १ एप्रिल २०१८ पासून, महाराष्ट्रातल्या मालासाठी २५ मे २०१८ पासून. सुरुवातीला दर १०० किलोमीटरला एक दिवस मुदत होती. १ जानेवारी २०२१ पासून केंद्रानं ती दर २०० किलोमीटरला एक दिवस केली, म्हणजे थेट निम्मी. एकाच बिलावर दोन-दोन फेऱ्या मारून कर चुकवला जातो, असं त्यामागचं कारण. चुकवेगिरी होत होती हे खरंच. पण फटका बसला तो प्रामाणिकपणे गाड्या भरणाऱ्यांना, आणि तोही लांबच्या भाड्यांपेक्षा जवळच्या. नागपूरसाठी आठाऐवजी चार दिवस मिळाले तरी गाडी पोचते. अडचण १०० ते २०० किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. भिवंडीहून चाकण किंवा सिन्नरला जाणाऱ्या मालाला आधी दोन दिवस मिळत, आता एकच मिळतो.

या एका दिवसाचा हिशेब असा. बिल तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री पहिला दिवस संपतो. बिलाच्या भाग ‘अ’ मध्ये मालाचा तपशील असतो, भाग ‘ब’ मध्ये गाडीचा, आणि मुदत सुरू होते ती भाग ‘ब’ भरल्यावर. शनिवारी संध्याकाळी भाग ‘ब’ मध्ये गाडी नंबर टाकला, तर बिल रविवारी रात्री बारापर्यंत चालतं. चाकणचं गोडाऊन सोमवारी सकाळी उघडतं. जुन्या नियमात सोमवारची मध्यरात्र मिळत असे. आता चालक पार्टीच्या दारात उभा राहूनही मुदत संपलेल्या बिलावर असतो. मुदत वाढवता येते, पण संपण्याच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढ्यातच, म्हणजे रविवारी दुपारी ४ ते सोमवारी सकाळी ८. ती वाढवण्याचा अधिकार चालकाला नाही. ज्या ट्रान्सपोर्टच्या नावावर बिल आहे त्याच्याच लॉगिनवरून ते होतं, आणि तो माणूस रविवारी सुट्टीवर असतो. नियम करताना याचा विचार व्हायला हवा होता.

पकडलं गेलं तर दंड कराच्या २०० टक्के, १ जानेवारी २०२२ पासून. तो मालाचा मालक भरतो, पण अडकून राहते गाडी, आणि तिच्यासोबत चालक. असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. जानेवारी २०२० मध्ये शनिवारी निघालेला कागदाचा माल हैदराबादमध्ये मोर्चामुळे अडला, मधे रविवार आला, सोमवारी गाडी पकडली. नुसती मुदत संपली म्हणजे करचुकवेगिरी ठरत नाही, असाच निकाल लागला आणि जानेवारी २०२२ मध्ये करखात्यावर आणखी ५९ हजारांचा खर्च बसला. पण निकाल लागायला दोन वर्षं गेली. रस्त्यावरच्या तपासणीत चालकाला त्याचा तेव्हा उपयोग नसतो.

म्हणून मुंबईच्या बाजूच्या जाणत्या डिस्पॅचमध्ये एक शिस्त रुजली. माल भरून, ताडपत्री बांधून, सील लागल्यावरच भाग ‘ब’ भरायचा. गाडी गेटवर लागताच नंबर टाकला, तर भरण्यात गेलेले तास मुदतीतून कापले जातात. भाग ‘अ’ ची स्लिप १५ दिवस थांबते, त्यामुळे घाईचं कारण नाही. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला तर नवा नंबर गाडी हलण्याआधी टाकावा लागतो, पण त्यानं मुदत वाढत नाही. इथे बरेच जण फसतात. नंबरात एखाद-दुसरं अक्षर चुकलं तर, २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे, राज्यातल्या मालाला एकूण हजार रुपयांवर सुटका होते. चालकानं ते परिपत्रक फोनमध्ये ठेवलेलं बरं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, आणि त्यानं नकळत एक बरं काम केलं. खालापूर, तळेगावचा टोलनाका ओलांडल्याचा मेसेज ऑफिसला आपोआप जातो. ‘कुठे पोचलास’ म्हणून चालत्या गाडीत फोन करायची गरज त्यामुळे कमी झाली. पण रांगेत गेलेल्या तासांचा मेसेज कुठेच येत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाचे आठ तास ठरवले होते, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती घातली होती. प्रत्यक्षात गेटवर दिवस घालवलेल्या माणसाला रात्री ‘मुदत संपतेय, काढ गाडी’ असं सांगितलं जातं.

जुलै २०१८ चा संप गाडीमालकांच्या हाकेवर झाला. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून गेल्यास वाढवलेल्या शिक्षेविरुद्ध चालक स्वतःहून थांबले, तेव्हा मुंबईतल्या पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. चालकांच्या तक्रारी मालकांच्या तक्रारींपेक्षा वेगळ्या आहेत, हे तेव्हा अनेक ऑफिसांना पहिल्यांदा दिसलं.

त्यानंतर काही ठिकाणी शनिवारच्या जवळच्या भाड्यांसाठी रविवारी दुपारी चारनंतर एक माणूस लॉगिन घेऊन बसवला जाऊ लागला. चालकानं त्याला तीन गोष्टी कळवायच्या: गाडी कुठे उभी आहे, तिथला पिनकोड, आणि उरलेले किलोमीटर. मुदतवाढीच्या फॉर्मला कारणासोबत हे लागतं.