२१४७४८३६४७ : प्रोग्रामरच्या आधी ऑयलरचा आकडा

२१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. प्रोग्रामिंगवाल्यांना हा आकडा तोंडपाठ असतो, कारण ३२ बिटमध्ये (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा) अधिक-उणे दोन्ही साठवायचं तर एक बिट चिन्हासाठी जातो आणि उरलेल्या ३१ जागी सगळीकडे १ भरला की हाच आकडा येतो, याच्या पुढे खेळ खलास. २०१४ मध्ये गंगनम स्टाइलचे व्ह्यूज याच्या पुढे गेले आणि यूट्यूबला काउंटर मोठा करावा लागला.

पण खरी मजा वेगळीच आहे. हा आकडा, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, मूळ संख्या आहे! आता तुम्ही म्हणाल ३१ मूळ आहे म्हणून हाही मूळ असणार, तर तसं नाही हं, ११ पण मूळच आहे आणि २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, तो २३ गुणिले ८९ निघतो. त्यामुळे तपासल्याशिवाय गत्यंतर नाही.

साध्या पद्धतीने तपासायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचा, त्या भरतात पावणेपाच हजारांच्या वर. हाताने कोण करणार? १७७२ च्या सुमारास ऑयलर या स्विस गणितज्ञाने करून दाखवलं, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. त्याने आधी भाजकांचीच छाटणी केली. भाजक असलाच तर त्याला ६२ ने भागून बाकी १ उरलीच पाहिजे (वरचे २३ आणि ८९ बघा, दोघांना २२ ने भागा, बाकी १ च येते, २२ म्हणजे ११ ची दुप्पट). शिवाय ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ येणारेच उरतात. म्हणजे ३, ७, १३ वगैरे सगळे घरी, पहिला उमेदवार थेट ३११, आणि त्याच्यानंतरचा १३०३! ३११ ने भागलं की ३५ उरतात, १३०३ ने भागलं की २२६. असे जेमतेम ऐंशीच्या आसपास भागाकार आणि काम फत्ते. मला तरी ही छाटणी शेवटच्या निकालापेक्षा भारी वाटते.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने यावरून बनणाऱ्या १९ अंकी परिपूर्ण संख्येबद्दल (स्वतःला सोडून बाकी सगळे भाजक मिळवले की तीच संख्या येते ती) लिहून टाकलं की याहून मोठी कुणी शोधणारच नाही, कारण उपयोग काय? अशी परिपूर्ण संख्या २ चा घात वजा १ छापाच्या प्रत्येक मूळ संख्येवरून बनते, आणि २०२४ मध्ये सापडलेल्या तसल्या मूळ संख्येत ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत, बोला!

आणि यूट्यूब ज्याच्यावर गेलं तो ६४ बिटचा कमाल आकडा, ९२२३३७२०३६८५४७७५८०७? तो मूळबिळ काही नाही, त्याला साध्या ७ नेच भाग जातो.